भरीव कोपरा

खचलेली काँक्रीटची लादी फोडायची नाही, उचलायची, हा ठोक्याचा धंदा. लादीला भोकं पाडून खालच्या पोकळीत पंपाने सिमेंटचा पातळ माल दाबला, की ती केसाकेसाने वर येते. पण पोकळी नेमकी कुठे, ते आधी कळावं लागतं. त्यासाठी ठोक्या कमरेत वाकून पहार आपटत चालायचा. आवाज भरीव आला की पुढे, पोकळ आला की खडूची फुली. पंप मेहुणा सांभाळायचा. दाजींची फुली म्हणजे फुली, तो कधी तपासायला गेला नाही.

पंपाशेजारी उभं राहून राहून ठोक्याचे कान गेले. हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

"माझ्या भावाला सांगा एकदा," ती समोर येऊन म्हणायची.

"सांगून काय, घरी बसू? या वयात दुसरं काम कोण देणार?"

आताशा तो पहार आपटून तळहात लादीवर टेकायचा. पोकळ जागा हाताखाली थरथरते. तेवढ्यावर निभत होतं.

त्या दिवशी लॉन्ड्रीच्या मागची लादी होती. माल कालवता कालवता मेहुणा म्हणाला, "काय दाजी, नाडी बघताय? गोळ्या पण लिहून द्या तिला!"

ठोक्या त्याच्या ओठांकडे बघून हसला. आत धुलाईची यंत्रं चालू होती. सगळी लादीच थरथरत होती. यंत्रं जरा बंद करा, एवढं म्हणायला हवं होतं. पण मेहुण्याने विचारलं असतं, का? ठोक्याने अंदाजाने फुल्या मारल्या आणि भिंतीकडचा कोपरा मोकळा सोडला.

जड पंप नेहमी भरीव जागेवर ठेवायचा. मेहुण्याने तो ढकलत त्या कोपऱ्यावर नेला.

ठोक्या पाठमोरा बसून फुल्या ठळक करत होता. लॉन्ड्रीवाली धावत आली, तिने त्याचा खांदा गदागदा हलवला, तेव्हा तो वळला. कोपरा आत बसला होता. मेहुण्याचा पाय पंपाखाली होता आणि तोंड उघडं होतं.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मेहुण्याचे ओठ सावकाश हलले. "एवढा बोंबललो, दाजी. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत."

"मला ऐकू येत नाही," ठोक्या म्हणाला. "बरेच दिवस झाले."

मेहुण्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचा जबडा हलत होता. तो काहीतरी बोलत होता.

"काय म्हणतोय?" ठोक्याने बायकोला विचारलं.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले.