दवाखान्याला नटून जाणारी मोनाली

दवाखान्यात जायचं असलं की मोनाली ठेवणीतला ड्रेस काढायची. केसांना क्लिप, डोळ्यांत काजळ. "तोंड लपवून गेलं की लोकांना वाटतं, हिनं कायतरी केलंय," असं तिचं म्हणणं.

सांगवीची ही मुलगी बारामतीच्या होस्टेलवर माझ्या खोलीत होती. तिची पाळी अनियमित होती. ती अधूनमधून डॉक्टरीणबाईंना दाखवून यायची आणि आल्यावर सगळं मोकळेपणानं सांगायची. बाकीच्या मुली कानांवर हात ठेवायच्या. असल्या तपासणीला जाणाऱ्या मुलींचं नाव खराब होतं, हे आमच्यात ठरूनच गेलं होतं. म्हणून मला अंगावरून पांढरं जायला लागलं, खाज सुटली, तरी मी गप्प राहिले.

"रोज रडून का येतीस बाथरूममधनं?" मोनालीनं एका सकाळी विचारलं. मी सांगितलं.

"एवढंच व्हय? चल, मी येते की."

बारामतीत कुणी ओळखीचं भेटेल म्हणून आम्ही एसटीनं इंदापूर गाठलं. तर तिथल्या दवाखान्याच्या बाकावर माझ्या गावच्या, कऱ्हाटीच्या शेजारीण काकू! त्यांचं माहेर सांगवीचं, त्यामुळे त्या आम्हा दोघींनाही ओळखत होत्या.

"तू हितं गं काय करतीस?" त्यांनी मला विचारलं. मोनाली हसत पुढं झाली. "मला दाखवायचंय, काकू. ही सोबतीला आलीय."

साधा संसर्ग होता, गोळ्यांनी गेला. बातमी मात्र तिखटमीठ लागून सांगवीला पोचली. मोनालीच्या आईनं तिला घरी बोलावून घेतलं. कॉलेज बंद.

रविवारी मी सांगवीला गेले. "मावशी, तपासणी माझी होती," मी तिच्या आईला एका दमात सांगून टाकलं.

मावशी लेकीकडं वळल्या. "मग तू का न्हाय बोललीस?"

"हिच्या आबांनी हिला कायमची घरी बसवली असती. तू चिडशील, पण परत धाडशील, ठावं व्हतं मला."

मावशींनी पदरानं डोळे पुसले. "उद्याच्या गाडीनं जावा दोघी." मग आवाज खाली आणत म्हणाल्या, "आन् ह्या सूनबाईलाबी डाक्टरीणबाईंकडं न्या. लई दिस झालं वटीपोट दुखतंय तिचं. मला काय सांगत न्हाय."

भाकरी थापणाऱ्या वहिनीचा हात थांबला. मोनाली उठून तिच्याजवळ जाऊन बसली, आणि उरलेल्या भाकरी तिनंच थापल्या.