काशीच्या हातावर पाणी

हे छापून आलं की आमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळातले निम्मे लोक माझ्याशी बोलणं टाकतील, हे धरूनच लिहिते आहे. देवपूरला शिकत होते तेव्हा अंगात आणणाऱ्या एका भगताच्या दारावर मी स्वतः पत्रक चिकटवलं होतं. भूत नाही, भानामती नाही. आहे ते अज्ञान, आणि त्या अज्ञानावर पोट भरणारी माणसं. हे माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे. पण जे डोळ्यांपुढे घडलं ते लपवायचं, तर मग भगतात आणि माझ्यात फरक काय?

आमचं गाव रावेरच्या अलीकडे, चहूबाजूंनी केळीच्या बागा. घरात आबा, माय, भाऊ, वहिनी आणि मी. वहिनीचं पहिलं बाळंतपण गावच्या सुईणीने, काशीने केलं. केलं म्हणजे काय — दोन दिवस बाई अडली, आणि काशी न धुतलेल्या हातांनी नुसती चाचपत बसली! आमच्याकडे बाई अडली की घरातल्या सगळ्या गाठी सोडतात. कुलपं उघडतात, कोठ्यांची झाकणं काढतात, बैलांची दावी सोडतात, बायका केस मोकळे करतात. मूल रडलं की सुईण म्हणते, "सुटली." मग घरातली थोरली बाई तिच्या हातावर पाणी घालते, आणि त्यानंतरच सगळं पुन्हा बांधायचं. पहिलं मूल रडलंच नाही. निळं पडलेलं आलं. त्या रडारडीत काशीच्या हातावर कुणी पाणी घातलं नाही. ती तशीच भरल्या हातांनी गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात वारली. मी तिच्यावर जळजळीत पत्रक लिहिलं होतं. त्यातला एक शब्द मला आजही मागे घ्यायचा नाही.

वहिनीला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी हट्टाने तिला जळगावला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, वाट अरुंद आहे, पोट उघडूनच मूल काढावं लागेल. पोटावर सुरी म्हटल्यावर माय भिंतीला टेकून खाली बसली. रक्त लागेल म्हटल्यावर आमचे नाना, म्हणजे सख्खे चुलते, केळीला पाणी द्यायचंय म्हणून जे गेले ते आलेच नाहीत. भाऊचं जुळेना, माझं जुळलं. आबा म्हणाले, "शांतीचं रक्त चढवलं ना? मग नातू रडणार नाही, जन्मल्या जन्मल्या भाषण ठोकेल."

नातू नव्हे, नात झाली. आणि कडाडून रडली. मी बाहेर बाकावर होते, ते रडणं ऐकून मीही रडले.

टाके काढून आम्ही वहिनीला घरी आणलं. नर्सबाईंनी मला शिकवलं होतं तसा रुंद फडक्याचा पट्टा पोटावर आवळून बाजूला गाठ मारायची. खोकताना, उठताना जखमेला आधार हवा. भाऊ स्वतः पाणी भरू लागला, गल्लीने दात काढले तरी हंडा खाली ठेवला नाही. खाटेखाली शेगडी ठेवू पाहणाऱ्या आत्याला मी शेगडीसकट अंगणात घालवलं. सगळं शास्त्राने चाललं होतं.

...आणि गाठी सुटू लागल्या.

आधी पट्ट्याची. मी आवळून बांधायची, घटकाभराने पाहावं तर पट्टा सैल पडलेला. मग बाळाच्या झोळीची दोरी सुटली; नशीब, बाळ आत नव्हतं. मग गोठ्यातलं दावं. आधार सुटलेला असताना वहिनीला ठसका लागला आणि जखमेचं एक टोक उसवलं. पू धरला, ताप चढला. रावेरचे डॉक्टर पेनिसिलिन टोचून गेले. बाहेर आल्यावर भाऊला हळूच म्हणाले, जखम आणखी फाटली तर माझ्या हातात काही नाही.

माझा संशय सरळ मायवर. ऑपरेशनवर तिचा राग होताच. मी तोंडावर विचारलं, "तू सोडतेस ना गाठी?" तिने नातीच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हटलं. मग मी ठरवलं, चोर पकडायचाच. पट्ट्याला दुहेरी गाठ मारली, वरून सुई-दोऱ्याने शिवून टाकली, दाराला आतून कडी घातली आणि खाटेशी बसले. भर दुपार. बाहेर पांढरं ऊन. वहिनी ग्लानीत, एक हात बाळावर, दुसरा उशाशी. खोलीत आम्ही तिघीच.

आधी दोरा ताणला गेला. टच् करून तुटला. मग गाठीचा एक पदर वर उचलला गेला... थांबला... पुन्हा उचलला गेला. वाऱ्याने फडकतो तसा नाही. म्हातारं माणूस डोळ्यांना दिसत नाही म्हणून नखाने गाठ उकलतं, तसा. अगदी निगुतीने. मी दोन्ही हातांनी गाठ दाबून धरली, तर तळव्याखाली ती तशीच उकलत राहिली.

वहिनी डोळे न उघडता पुटपुटली, "काशीमावशी, आता नका चाचपू वं. दुखते."

मी कडी काढून मायला हाक मारली आणि एका दमात सगळं सांगितलं. ती आली, सुटलेला पट्टा पाहिला. मग म्हणाली, "ती आजून हिले सोडवूच राह्यली. पोर झालं, हे तिले कोनी सांगतलंच नाही."

मी म्हटलं, मूर्खपणा आहे हा. पण हात गाठीवरच होते.

मायने तांब्या भरून घेतला. बाळाला उचलून उंबऱ्याशी गेली, तिच्या पायाला बारीकसा चिमटा काढला. पोर टाहो फोडून रडली. ते रडणं मायने पुरतं होऊ दिलं. मग कमरेत वाकलेल्या माणसाकडे पाहावं तशी खाली पाहत बोलली, "आयकलं ना, काशे? सुटली सून. पोरगी झाली. तुह्या हातानं नाही झाली, पन झाली. घे, हात धू. जाय आता."

तिने पाण्याची धार धरली. उंबऱ्यावर जिथे ती पडायला हवी होती, तिथे पाणी पडताना मी पाहिलं. सरळ पडत नव्हतं. मध्येच फुटून दोन्ही बाजूंना ओघळत होतं.

त्यानंतर एकही गाठ सुटली नाही. ताप हळूहळू उतरला, जखम भरायला पावसाळा लागला. वहिनी वाकडी चालते, पण चालते. डॉक्टर म्हणतात पेनिसिलिनने केलं, आणि मीही सगळ्यांना तेच सांगते. खरंही तेच असेल. पण पेनिसिलिन दोरा तोडत नाही. पुष्कळ विचार केला, मला उत्तर सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर उघडपणे लिहा, मी वाचेन.

काशीला मी माफ केलेलं नाही. बायकांनो, दवाखान्यात जा, हेच मी आजही गावोगाव ओरडून सांगते. मात्र गेल्या महिन्यात माझी चुलत बहीण जळगावला पोट उघडूनच बाळंत झाली, आणि ती बातमी घेऊन मी गावी आले. अंगणात सगळे वाट पाहत उभे होते. त्यांना काही सांगण्याआधी मी घरात जाऊन तांब्या भरून आणला, उंबऱ्यावर पाण्याची धार धरली आणि म्हटलं, "सुटली. हात धू."

नाना म्हणाले, "कोणाशी बोलतेस?"

मी पाण्याकडे पाहत होते.