कंप्युटरसाठी राखलेलं पाणी

पडेगावात आता कुणालाही विचारा, तो हा किस्सा हसत हसत तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा मीच सांगून टाकतो, निदान माझी बाजू तरी तुमच्या कानावर जाईल.

मी शेंद्र्याला एका कारखान्यात तपासणीला आहे. पार्ट मापात बसतो का बघायचं आणि बसत नसेल तर परत पाठवायचा, हे माझं काम. वीस वर्षं लोकांचा माल परत पाठवल्यावर माणसाला थोडा माज येतोच ना? मलाही आला होता.

आमची रसिका कॉलेजात आहे. त्या वर्षी गेमिंगच्या स्पर्धेत तिची टीम निवडली गेली. सामना ऑनलाइन, रविवारी चारला. पण तिचं जुनं मशीन एप्रिलच्या उकाड्यात अर्ध्या तासात तापून बंद पडायचं. नवा पीसी घ्यायचा ठरलं.

"बाबा, दुकानातच जोडून घेऊ या," ती म्हणाली.

दुकानात? आणि मी घरात असताना? मला तो सरळ सरळ अपमान वाटला. मी जोडणार म्हणजे मीच जोडणार.

आठवडाभर मी तक्ता केला. या बोर्डावर कुठला प्रोसेसर बसतो, कुठली रॅम चालते, ग्राफिक्स कार्डाची लांबी किती, कॅबिनेटमध्ये जागा किती, सगळ्याला मिळून पॉवर सप्लाय केवढा लागेल. शहरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत अस्लमभाईंचं कंप्युटरचं दुकान आहे, तिथं मी खिशात व्हर्नियर घालून गेलो आणि एकेक पार्ट मोजून घेतला.

अस्लमभाई वैतागले. "भाई, कपडा लेरे क्या नापनापके?"

"माप चुकलं की सगळं परत आणावं लागतं," मी म्हणालो.

"सब बैठता. बस एक काम करो, पानीवाला कूलर लेव. धूप कित्ती बी रहने दो, मशीन तपताच नै."

हे मला पटलं. कूलर कॅबिनेटमध्ये बसतो हेही मोजलं. त्याला पाणी किती लागतं, एवढं मात्र विचारलं नाही. तपासणीतला माणूस असं विचारतो का?

आता त्या वर्षी आमच्याकडे पाण्याची काय गत होती ते ऐका. पडेगावात नवी घरं भराभर उठत होती आणि नळाचा मात्र पत्ता नव्हता. चार दिवसांनी टँकर, घरटी दोन ड्रम. आंघोळ करायची ती परातीत बसून, म्हणजे तेच पाणी पुन्हा संडासाला. त्यात टँकरचं पाणी इतकं जड की खोलीतल्या कूलरच्या जाळ्या पांढऱ्या पडायच्या. पोरीच्या नव्या मशीनला असलं पाणी पाजायचं? मी फिल्टरचा वीस लिटरचा जार राखून ठेवला आणि घरात कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

"डोक्यावरून आंघोळ करून आठ दिवस झाले," मंगल, माझी बायको, म्हणाली, "अन् कंप्युटरला फिल्टरचं पाणी व्हय?"

तरी मला धाकधूक होतीच. वीस लिटर पुरलं नाही तर? टँकरच्या रांगेत सगळ्यांचे नंबर आमच्या गल्लीतल्या शांतामावशी लावायच्या. मी त्यांच्याकडं एक जादा हंडा मागितला.

"पाव्हणे आलेत का?"

"नाही, कंप्युटरला पाहिजे."

रांगेत भांडण पेटलं. मी मागे हटलो नाही. रसिकाचा सामना, ऊन, बंद पडणारं मशीन, सगळं सांगितलं. मावशी ऐकत राहिल्या आणि मग रांगेकडं वळल्या. "आपल्या गल्लीची पोरगी खेळणारंय. हंडा नाय भेटायचा, पर ज्यानं त्यानं घरातलं चांगलं पाणी तांब्या-तांब्या द्या." आणि लोकांनी दिलं हो. मला भरून आलं.

रविवारी मशीन जोडून झालं. प्रत्येक पार्ट, जुन्या मशीनमधली गेमची डिस्कसुद्धा, आपापल्या जागी चपखल बसला होता. रसिका आठवडाभर सरावाला मैत्रिणीकडेच असायची, पाण्याचं तिला काही ठाऊकच नव्हतं; आताही ती तिकडेच होती. पाणी भरल्याशिवाय मी मशीन सुरू करणार नव्हतो आणि ते भरताना बघायला अर्धी गल्ली दारात उभी होती. पण कूलरला तोंडच सापडेना! दोन रबरी नळ्या, दोन्ही बंद. शेवटी कूलर सोडवून हलवून पाहिला, तर आत पाणी डुचमळलं.

"टेस्टिंगचं राहिलेलं असतं," मी लोकांना समजावलं. "आधी ते काढू, मग ताजं भरू."

साडेतीन वाजले होते. एका स्क्रूवर स्टिकर होता. मी तो खरवडून काढला, पेचकस लावला, तेवढ्यात रसिका आत आली आणि तिनं माझा हात धरला.

"बाबा, पाणी कारखान्यातूनच भरून येतं. सीलबंद असतं. त्यात एक थेंबही घालायचा नसतो. हा स्क्रू उघडला असता तर सामना गेला होता."

ती खाली बसली, तिनं कूलर परत बसवला, बटण दाबलं. मशीन सुरू झालं. चारच्या ठोक्याला ती खेळायला बसली आणि पहिली फेरी जिंकलीसुद्धा.

मी तांब्या घेऊन घरोघर पाणी परत करत फिरलो. शांतामावशींच्या दारात पोचलो तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, माझ्याकडं नीट बघितलं.

"भाऊ, पोरीचं मशीन तर थंड झालं. हे तुमच्या डोस्क्यावर वतू का?"

खरं सांगू? कितीतरी दिवसांनी डोक्यावर पाणी पडणार होतं. मी गपचूप मान खाली घातली.