जनाकाकूनं आईला पाठवलेला निरोप

मी सार्डिनियाला कधीच गेलेलो नाही. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही, बायकोपुढेही नाही. दिल्लीतल्या मराठी मंडळींत गेली तीसेक वर्षं माझी ओळख ‘जनाकाकूच्या माहेरी जाऊन आलेला’ अशी आहे. जनाकाकू गेली त्याला आता सात आठवडे होतील. पहाडगंजच्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, “सुहास, तिचं गाव तूच काय ते पाहिलंयस. दोन शब्द बोल.” आणि मी उठून बोललो. डोंगर, मेंढ्या, दगडी घरं, दाराशी काळ्या कपड्यांत बसलेल्या म्हाताऱ्या... तिनंच मला कधीकाळी सांगितलेलं सगळं मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं. समोर तिची मुलगी मीरा तोंडाशी रुमाल धरून ऐकत होती. मराठी मंडळाच्या अंकातल्या, तिच्या आठवणींच्या या पुरवणीसाठी माझ्याकडे लेख मागितला गेला तोही त्याच भरवशावर. तेव्हा हे आधी सांगून टाकतो, आणि मग तिच्याबद्दल लिहितो.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या वरच्या मजल्यावर वसंतकाका राहत. खाणींच्या कामातले इंजिनिअर. साठच्या दशकात सरकारनं त्यांना प्रशिक्षणासाठी इटलीच्या त्या बेटावर पाठवलं, तिथे शिशाच्या नि जस्ताच्या खाणी होत्या. खाणीच्या दवाखान्यात नर्स असलेल्या मुलीशी लग्न करूनच काका परतले. पासपोर्टवर तिचं नाव जोव्हान्ना, तिच्या आईच्या तोंडी जुआन्ना. माझ्या आईनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, “माझी जीभ काही तशी वळायची नाही बाई, मी आपली जना म्हणणार.” ती झाली जना, नि आम्हा पोरांची जनाकाकू. वर्षभरात ती मराठी बोलायला लागली, आणि आमच्यासारखंच त्यात ‘अच्छा’ नि ‘बिल्कुल’ पेरायलाही शिकली. कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याला पटवून ती दर रविवारी आपल्या गावची पातळ, कडक भाकरी भाजून घ्यायची. तो बिचारा दर वेळी म्हणायचा, “मेमसाब, ये रोटी नहीं है, पापड़ है.” ती म्हणायची, “भैया, हमारे गड़रिये ये महीना भर खाते हैं, तुम्हारा नान शाम तक नहीं चलता.”

नोकरीच्या परीक्षेत मी दोनदा आपटलो, तेव्हा वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. काकूनं मला वर बोलावलं नि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी इटालियन शिकवायला घेतलं. दोन वर्षं, रोज संध्याकाळी, भाजी निवडता निवडता. “ही शाळेची भाषा आहे,” ती म्हणायची. “ही घे, पोटाला उपयोगी पडेल. माझी वेगळी.” तिची भाषा सार्दु. मी एकदा तिला इटालियनची बोली म्हणालो, तर हातातली शेंग माझ्याकडे रोखून म्हणाली, “बोली नाही. बहीण आहे, आणि थोरली बहीण.” शाळेत सार्दुतला एक शब्द तोंडातून निघाला तरी मास्तर हातावर पट्टी मारायचे. तिची आई शाळेत गेलीच नव्हती, तिला सार्दुखेरीज काही येत नव्हतं. मग पत्रं कशी यायची? आई सांगायची सार्दुत, गावचे पाद्री लिहायचे इटालियनमध्ये. काकू पाकीट फोडून वाचायची, घडी घालायची, नि म्हणायची, “पत्र आईचं आहे. पण यात आई कुठे आहे?”

दिल्लीत ती भाषा बोलायला तिला माणूस नव्हतं. मीराला तिनं शिकवली नाही. का, असं मी विचारलं तर म्हणाली, “बोलेल कुणाशी ती? आणि मला वाटतं, हिलाही कुणीतरी मारेल.” सार्दु उरली ती कुकरच्या शिट्ट्या मोजायला. उनु, दुओस, त्रेस, बात्तोर... माझी आईही पुढे आमच्या घरात तशाच शिट्ट्या मोजायला लागली. बाबा चिडवायचे, “डाळ शिजली, की तुमच्या त्या पोपला कळवायचंय अजून?”

मी चोवीस वर्षांचा असताना काकूची आई गेल्याची तार आली. वसंतकाकांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन जेमतेम आठवडा झाला होता, काकूला निघणं शक्य नव्हतं. तिकडे तिचा भाऊ बाकिस. आईला टाकून परदेशात गेली म्हणून त्यानं तिच्याशी लग्नापासूनच अबोला धरलेला. आता आईच्या मातीलाही ती येत नाही म्हटल्यावर काय ते समजाच. माझी आई पिठलंभात घेऊन वर गेली. ताट बघून काकूनं विचारलं, “तुमच्यातही सुतकात शेजारीच जेवण आणतात?” आई म्हणाली, “आणतात गं. घरात चूल पेटवत नाहीत.” “आमच्यातही नाही पेटवत,” काकू म्हणाली, आणि तार आल्यापासून कोरडी राहिलेली ती बाई तेव्हा पहिल्यांदा रडली.

पुढच्या पाच महिन्यांत मला गाझियाबादेत पॅकिंगची इटालियन मशिनं बसवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली, केवळ भाषेच्या जोरावर. लगेच तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, मिलानजवळ. ही बातमी सांगायला मी पेढे घेऊन वर गेलो. काकूनं हातातला पेढा न खाता टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “तुझा टेपरेकॉर्डर आण.”

दुपारचे बारा वाजले असतील. मी स्वयंपाकघरात टेप लावला, बटणं दाखवली. तिनं माझ्या आईला बोलावून घेतलं होतं. आईला ती समजावत होती, “आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्याजवळ बसून त्याच्याशी बोलतात, गाऊन. शब्द आपले आपण करायचे. आईसाठी मुलीनं म्हणायचं असतं. मी म्हटलं नाही.” मग माझ्याकडे नि वसंतकाकांकडे वळून म्हणाली, “तुम्ही दोघं बाहेर जा.” मला वाटलं, लाजतेय. आम्ही बाल्कनीत जाऊन बसलो, काकांनी दारही ओढून घेतलं. आवाज मात्र येत होता. तो सुरुवातीला गाण्यासारखा वाटला, नंतर गाण्यासारखा राहिला नाही. मध्येच आईचंही हुंदके देणं ऐकू आलं. अर्ध्या तासानं आई बाहेर आली ती डोळे सुजवून. एक अक्षर समजलं नसणार तिला. म्हणाली, “गात नव्हती रे ती. भांडत होती आईशी. का गेलीस म्हणून.”

काकूनं कॅसेट एका जुन्या ब्लाउजपीसात गुंडाळून माझ्या हातात दिली. गावचं नाव, बोटीचं नाव, बोट सकाळी लागली की कुठली बस घ्यायची, सगळं कागदावर लिहिलेलं. “माझ्या वहिनीच्या हातात दे,” ती म्हणाली. “ती बाकीच्या बायकांना बोलावेल. मग बाकिसलाही कळेल की मी म्हटलं.” मी म्हणालो, “काकू, बिल्कुल काळजी करू नकोस.”

प्रशिक्षण संपल्यावर तीन दिवस मोकळे होते. बेटावर जाऊन यायला ते पुरेसे होते, हे मी तेव्हाही जाणून होतो. पण बरोबरचे चौघे व्हेनिसला निघाले होते. एक जण म्हणाला, “यार, कॅसेट पोस्टाने पाठव ना, तू काय पोस्टमन आहेस?” मला ते पटलं, किंवा पटवून घेतलं. पोस्टातही मी टाकली नाही, उद्या टाकू म्हणत राहिलो. व्हेनिसमध्ये कबुतरांबरोबर काढलेला माझा फोटो आहे. त्यात खांद्याला जी बॅग दिसते, तिच्यात ती कॅसेट आहे.

परत आलो त्याच दिवशी काकू जिन्यात उभी होती. तिथेच मला खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, “दिली.” तिनं हळूच विचारलं, “मग?” आणि तिला बरं वाटावं म्हणून मी गोष्ट रचत गेलो. वहिनी घरी नव्हती, बाकिसच भेटला, त्यानंच मला दफनभूमीत नेलं. थडग्याशी आम्ही दोघांनी कॅसेट लावली. तो टोपी हातात घेऊन शेवटपर्यंत ऐकत राहिला, आणि रडला. काकूनं विचारलं, “बाकिसनं ऐकलं?” “शेवटपर्यंत.” “तुझ्याबरोबर उभं राहून?” “हो, काकू.” ती कठड्याला धरून वळली, म्हणाली, “अच्छा. दमून आलायस, वर चल, चहा टाकते.” त्यानंतर त्या कॅसेटचा विषय तिनं कधी काढला नाही. मला वाटलं, तिचं समाधान झालं.

मंडळात मात्र ही गोष्ट माझ्या आईनं पसरवली, कौतुकानं. मला नाही म्हणता आलं नाही, आणि दोन-चार वर्षांत मी स्वतःच ती रंगवून सांगायला लागलो. काकू समोर असली की पानातलं खाली मान घालून जेवत राहायची. एकदाही तिनं मला खोटं पाडलं नाही.

वसंतकाका गेल्यावर ती मीराकडे गाझियाबादला आली. शेवटच्या वर्षात तिची मराठी गळत गेली, मग इटालियन, आणि उरली ती एकटी सार्दु. मीराचा फोन यायचा, “सुहासदादा, तुला थोडंफार कळतं ना? आई काय मागते बघ ना, मला काहीच समजत नाही.” मी जायचो, पलंगाशी बसायचो, मान हलवायचो. मला ‘मामा’ एवढंच कळायचं, म्हणजे आई. मीराला मी सांगायचो, “पाणी मागतेय.” मीरा पाणी द्यायची, आणि काकू पाण्याचा घोट घेऊन पुन्हा तेच बोलू लागायची.

ती गेल्यावर मीरानं एका जुन्या पाकिटावरच्या पत्त्यावर कळवलं. उत्तर आलं बाकिसच्या मुलीचं, हातानं लिहिलेली चार इटालियन पानं. मीरा पत्र घेऊन माझ्याकडे आली. “तू वाच, दादा.” मी वाचत गेलो, मराठी करत गेलो. आत्याचं कळल्यावर गावातल्या, अजून म्हणू शकणाऱ्या दोघी म्हाताऱ्या घरी आल्या. मृत माणसाला उद्देशून म्हणायचं ते, आत्तितु, त्यांनी जुआन्नासाठी म्हटलं. नेहमीप्रमाणे पुरुषांना दुसऱ्या खोलीत पाठवलं, कारण आत्तितु बायकांचं असतं, पुरुष त्यात बसत नाहीत. बाबा, म्हणजे बाकिस, तर तो सूर लागला की घराबाहेरच निघून जात... हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला जिना दिसला. “तुझ्याबरोबर उभं राहून?” म्हणजे तिनं त्याच क्षणी ओळखलं होतं. तिच्या गावच्या कुणाही बाईनं ओळखलं असतं. आणि तरी तिनं मला चहा दिला.

पुढच्या ओळी मी मीराला वाचून दाखवल्या नाहीत. तिला म्हणालो, “बाकी सगळं खुशाली विचारलीय.” ती पत्र घडी करून घेऊन गेली. त्या ओळी अशा होत्या: ‘बाबा मरेपर्यंत म्हणत राहिले, जुआन्नानं आईला एक शब्दही म्हटला नाही. आम्ही मुलांनी तेच ऐकत ऐकत आत्याचा राग केला. ती आम्हाला कधी भेटली नाही, पण आता वाटतं, कदाचित ती म्हणायला विसरली नसेल. तिनं म्हटलं होतं का, हे तुला ठाऊक आहे का? आत्तितु एका माणसासाठी एकदाच म्हणतात, दुसऱ्यांदा नाही.’

मीरा, तुझ्या आईनं म्हटलं होतं. भर दुपारी, लक्ष्मीबाई नगरच्या स्वयंपाकघरात, माझ्या आईला जवळ बसवून, अर्धा तास. दुसऱ्यांदा म्हणायचं नसतं म्हणून ती गप्प बसली. माझ्याकडून ती कॅसेट परत मागितली असती तर मला खोटा ठरवावं लागलं असतं, तेही तिनं केलं नाही. भावाचा राग तिनं तसाच राहू दिला.

कॅसेट माझ्याकडे आहे, अजून त्याच ब्लाउजपीसात. मी ती ऐकलेली नाही, आता तर ऐकणारही नाही. ती त्या गावात, बाकिसच्या मुलीच्या हातात नेऊन द्यायची आहे, आणि इतकी वर्षं ती कुठे होती हे तिच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे. एवढं माझ्याकडून यायचं बाकी आहे.