मोजे घातलेल्या बाटल्या

माझ्या मामाचं वाइनचं दुकान आहे, पण तिथे येऊन कुणी वाइनवर अक्कल पाजळलेली त्याला खपत नाही. "जड बाटलीवर भाळू नका, पैसे काचेत जातात," असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. दाराशीच त्याचं 'रोजचं कपाट' आहे. त्यात सगळ्या लाल वाइन, साध्या आणि परवडणाऱ्या. दवाखान्यातली नर्स, बसचा ड्रायव्हर, समोरचा शिंपी, सगळे तिथूनच उचलतात. "नावाजलेल्या गावाची नको, त्याच्या शेजारच्या गावाची घ्या. माती तीच, मिजास कमी!" हा मामाचा मंत्र.

त्या कपाटात जागा मिळवणं सोपं नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे मामाकडे जेवायला जमतो. तो तीन-चार नव्या बाटल्या उघडतो, हुंगतो, नाक मुरडलं की ती बाटली तिथेच बाद. उरलेल्यांना आपले जुने मोजे चढवून टेबलावर ठेवतो. (धुतलेले, असं मामी शपथेवर सांगते.) वाइनबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, फक्त जेवायचं आणि भांडायचं. गप्पांच्या नादात जी बाटली आधी रिकामी होईल, ती कपाटात. रोज प्यायची वाइन लक्ष वेधून घेणारी नको, असं त्याचं म्हणणं.

मागच्या हिवाळ्यात मामाला मोठा ताप येऊन गेला. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. मामा बाटल्या हुंगेनासा झाला, थेट मोजे चढवू लागला. आणि जन्मात थेंब न घेतलेली मामी पेला पुढे करू लागली!

"वहिनी, या वयात?" माझ्या आईने चिडवलं.

"का? वय उलटलं की घसा बंद होतो वाटतं?" मामी म्हणाली.

मी पडले चौकस. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा सकाळी गेले तर जिन्यातच करपल्याचा वास. आत गॅसवर दुधाचं भांडं काळंठिक्कर पडलेलं, आणि शेजारी खुर्चीत मामा निवांत पेपर वाचतोय!

"मामा! तुला वास येत नाही?"

त्याने आधी गॅस बंद केला, मग दार लावलं. "हळू बोल, बाई. तापात गेला तो परत आलाच नाही. आंबट, तुरट जिभेला कळतं, बाकी सगळं पाणी. गावात बोभाटा झाला तर माझ्याकडून वाइन कोण घेईल? आणि मामीला कळलं तर ती उद्याच दुकान विकायला लावेल. दुकान गेलं तर मी काय करू गं?"

मी तोंड शिवलं, पण कोडं सुटेना. नाकाशिवाय निवडलेल्या त्याच्या बाटल्या एकदाही चुकल्या नव्हत्या. शिंपी तर म्हणायचा, कपाट पूर्वीपेक्षा सुधारलंय.

मग एका सुट्टीला मामाने शेजारच्या नळवाल्याला जेवायला बोलावलं. माणूस लाखमोलाचा, पण समोर येईल ते रिचवणारा. हिरव्या मोज्याची बाटली त्याच्या हाताशी होती, ती त्याने एकट्याने संपवली. तो गेल्यावर मामा खुशीत ओरडला, "हिरवा मोजा! उद्याच खोकी मागवतो."

मामीने हातातली ताटं खाली ठेवली. "ती नको."

"अगं, पण सगळ्यात आधी संपली!"

"तिला ओल्या पोतेऱ्याचा वास येतोय."

मामाने माझ्याकडे रोखून पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली, मी नाही सांगितलं!

"तिच्याकडे काय बघताय?" मामी म्हणाली. "तापातून उठलात त्याच आठवड्यात कळलं मला. माझ्या साबणाचा वास आवडायचा ना तुम्हाला? मी साबण बदलला तरी तुमच्या लक्षात आलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दुकानात पाऊल टाकलं असतंत का? इतकी वर्षं रोज रात्री वाइनच्या वासाशिवाय तुमच्या तोंडून दुसरं ऐकलंय काय मी? चांगली कुठली ते हुंगून कळतं मला. जी बरी, ती मी भराभर प्यायचे. म्हणजे ती आधी संपायची."

मामाने विचारलं, "पण तुला... आवडते तरी का?"

"छे! औषधासारखी लागते. मला आपला चहा बरा."

मामा उठला. मामीच्या पेल्यातली उरलेली वाइन त्याने बेसिनमध्ये ओतली, चहाचं आधण ठेवलं आणि शेजारी दूध. ते तापेपर्यंत तिथेच उभा राहिला, भांड्यावरची नजर न हलवता.