आधी कोण बसणार?

माण तालुक्यातल्या एका मेंढपाळाकडून मी कुत्रा आणला आणि साताऱ्यात एका निवृत्त फौजीकडे शिकवणीला घातला. ‘सिट’ म्हटलं की मैदानावरची बाकीची कुत्री पटापट बसायची; माझा मात्र माझ्या तोंडाकडे बघत उभा. मी ओरडलो, बिस्किटं दाखवली. फौजी उलट माझ्यावरच खेकसला. चुकतंय कुठं, काही कळेना. शेवटी डोकं फिरलं आणि मेंढपाळाला फोन लावला.

“बस म्हणताना तुमी काय करता?”

“समोर उभा राहतो.”

“आवं, मालक उभा म्हंजी कळप निघायचा. त्यो कसा बसंल?”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत मी धुळीत फतकल मारून बसलो. कुत्रा लगेच शेजारी बसला. फौजी खूश होऊन म्हणाला, “शाब्बास!”

कुणाला, ते मला अजून कळलेलं नाही.