सकाळची सुई

आईचा पाय भाजला तेव्हा तिला कळलंच नाही. चुलीतून उडालेल्या निखाऱ्यावर पाय देऊन ती खुशाल माझ्याशी बोलत होती. वास मला आला. सांगलीच्या सरकारी दवाखान्यात लघवी तपासली आणि डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला. रोज सकाळी इंजेक्शन, त्यानंतर लगेच खाणं, गूळ-साखर बंद.

घरात आम्ही दोघीच. भाऊ फौजेत होता. मी हळदीच्या गोदामात निवडाईला जायची, उजाडताच घर सोडावं लागे. आमच्या गल्लीत एक मावशी राहायची. दवाखान्यात आयाचं काम करून आता घरी बसलेली. तिला सुई टोचता यायची. पलटणीतून सुटून आलेले एक म्हातारे याच आजारासाठी तिच्या ओसरीवर येत. सगळे त्यांना सुभेदार म्हणायचे, हुद्दा तेवढा नसला तरी. आईही तिथं जाऊ लागली, मग मागच्या आळीतली आणखी एक म्हातारी.

मावशी काचेची पिचकारी पातेल्यात उकळायची. औषधाच्या बाटल्या माठाला टेकवून ओल्या फडक्यात ठेवायची. सुई झाली की पोटात काहीतरी जायला हवं, आणि सकाळच्या वेळी तिघांपैकी कुणाच्या ना कुणाच्या घरात काहीच नसायचं. म्हणून गल्लीतल्या बायकांनी पाळी लावून घेतली. जिची पाळी, ती भाकरी-कालवण ओसरीवर आणून द्यायची. मग मावशी तिघांचे तळवे निरखून बघायची, कारण तिथं लागलेलं त्यांना स्वतःला कळत नसे.

पासष्टच्या लढाईत भाऊ गेला. तार सुभेदारांनीच वाचून दाखवली. मी ऐकलं आणि घागर घेऊन बाहेर पडले. नळाला पाणी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई ओसरीवर गेली नाही. मावशी बोलवायला आली.

"ऊठ. सुई घ्यायची हाय."

आई भिंतीकडं बघत म्हणाली, "आता कुणासाठी घिऊ?"

मी शेजारीच बसले होते. मला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. बायका भाकरी घेऊन आल्या. आईनं ती बाजूला सारली. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच.

मग सुभेदार आले आणि आमच्या उंबऱ्याशी बसले.

"आक्का, आजपास्नं मी बी घेत न्हाई."

"आवं, तुमचं काय आडलंय? तुमी घ्या की."

"एकट्यानं टोचून घ्यावं वाटंना."

दिवसभर ते घरी गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत तांब्यामागून तांब्या पाणी प्यायले, पुन्हा पुन्हा भिंत धरून लघवीला उठत होते. मी त्यांना पाणी देत राहिले, दुसरं काही सुचलं नाही. सकाळी ते परत आले तेव्हा डोळे खोल गेले होते. मावशी उकळलेली पिचकारी फडक्यात धरून दारात उभी राहिली. आई बराच वेळ त्यांच्याकडं बघत होती.

"ह्यास्नी घरी पोचीव," ती मला म्हणाली.

"मी जात न्हाई," सुभेदार म्हणाले.

तेव्हा आईनं चोळीची बाही वर केली. "टोच गं मला आदी. न्हाईतर ह्यो माणूस हितंच मरंल, माज्या दारात."

मावशीनं आधी आईला टोचलं, मग त्यांना. दोघांनी समोरासमोर बसून भाकरी खाल्ली. मी गोदामात गेले, ढिगापुढं बसले आणि हळद निवडू लागले.

पुढं काही वर्षांनी सुभेदार गेले. आई मात्र बरीच जगली. मिरजेला नेऊन तिच्या पायाची दोन बोटं काढावी लागली, तरी काठी टेकत ती ओसरीवर जायची. सुई चुकवणाऱ्या नव्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना हाताला धरून आणायची.

एकदा मी तिला विचारलं, आता जरा हलकं वाटतं का.

"हलकं कशानं हुतंय?" ती म्हणाली. "सकाळ झाली की जायाचं, येवढंच."

भावासाठी मी रडले नाही. आई गेली तेव्हाही नाही. मावशी म्हणायची, रडू येईल कवातरी. मी वाट बघायचं सोडून दिलं.